खांबाला दिलेली शांती

इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस फिलूमावशी शिव्या देत नसे, आणि त्या चाळीस दिवसांत आमच्या पाखाडीला, म्हणजे अख्ख्या आळीला, करमत नसे. त्या उपासाच्या दिवसांत बाकीच्या बायका मटण सोडत, कुणी चहा सोडी. एका काकांनी विडी सोडली होती, तर आठव्या दिवशी घरच्यांनीच हात जोडून त्यांना ती परत ओढायला लावली. फिलूमावशीचं म्हणणं असं, की मटण आपल्या ताटात येतं कधीमधी, ते सोडलं तर देवाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. सोडायचं तर रोज लागणारं सोडावं. तिला रोज लागत त्या शिव्या.

शिवी ओठांवर आली की ती कमरेच्या चंचीतून लवंग काढायची आणि दाताखाली धरायची. लवंग चावत, डोळे वटारून समोरच्याकडे बघत राहायची. ते बघणं शिवीपेक्षा भारी पडे. आणि इस्टरच्या सकाळी नवं लुगडं नेसून, हातात मिठाईचं ताट घेऊन ती घरोघर जायची. प्रत्येकाला आधी मिठाई, मग "मागल्या मयन्यात तू माज्या वांग्यांत बकरी सोडलीस, नाय का?" असं म्हणून राहिलेली शिवी. लोक दोन्ही आनंदाने घेत.

लग्न होऊन मी बोरीवलीच्या त्या गावठाणात राहायला गेले ते पासष्ट साली. आमचे हे कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. पाखाडीत सगळी घरं मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची, भाडेकरू हिंदू असे आम्ही एकटेच. मी मालवणकडची, मॅट्रिक पास आणि त्या पासपणाचा जरा तोरा असलेली. पहिल्याच दिवशी शेजारच्या ओट्यावरून लाल चौकडीच्या लुगड्यातली, बुटकी, गोल चेहऱ्याची एक बाई माझं सामान उतरताना बघत उभी होती. माझी एकुलती एक कपबशी फुटली तेव्हा तिने कपाला, टेम्पोवाल्याला आणि माझ्या नवऱ्याला मिळून अशी काही सणसणीत शिवी हासडली, की मी रडायची ती हसले. मग घरातून तिने तिच्या दोन कपबश्या आणून दिल्या. "परत देऊ नको," म्हणाली, "मना त्यांची नक्षी आवडत नाय."

ही तिची देण्याची पद्धत. काहीही देताना ती त्या वस्तूची निंदा करायची. भोपळा दिला तर तो बेचव, मासे दिले तर काटेरी, माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा आणला तो "घरात कुनी खात नाय म्हनून". घेणाऱ्याला उपकार वाटू नये याची ती व्यवस्था होती, हे मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी खरंच समजत होते की या बाईच्या हाताला चव नाही.

देवाशी तिचं वागणं घरच्यासारखं. भिंतीवरच्या फळीवर संत अंतोनची मूर्ती होती. हरवलेलं शोधून देणारा तो संत. किल्ली हरवली की ती त्याला सांगायची, आणि दुपारपर्यंत किल्ली मिळाली नाही तर त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. एकदा तो असा आठवडाभर भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, "मावशी, पाप लागेल ना." तर म्हणाली, "त्याचं काम तो करत नाय, आनि पाप मना?" आमच्या गणपतीला मात्र ती दरवर्षी तिच्या दारातली जास्वंद पाठवायची, आणि सोबत निरोप, की तुमच्या देवाला सांगा, उंदीर आवर, माझी रताळी खातोय.

दर रविवारी चर्चमधून परतताना ती माझ्या पायरीवर बसायची आणि फादरचं प्रवचन मला सांगायची. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं की लुगडं झटकून उठायची आणि म्हणायची, "आथा बघू कोन करतंय." हे वाक्य ठरलेलं. आणि सोमवारी ती स्वतः करून बघायची. तिचा धर्म हा असा होता. रविवारी ऐकलं ते शनिवारच्या आत कुठेतरी करून टाकायचं, नाहीतर पुढचं प्रवचन कानांत शिरत नाही अशी तिची समजूत.

एका रविवारी फादर म्हणाले, दोन वस्त्रं असतील त्याने एक द्यावं. सोमवारी सकाळी ती ट्रंक उघडून बसली. सणाची लुगडी बरोबर दोन होती. एक विरलेलं, एक नवंकोरं. विरलेलं काखोटीला मारून ती झाडूवालीच्या घराकडे निघाली. मी विहिरीवर होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी बघितलं. वडाच्या झाडापर्यंत गेली, थांबली, स्वतःलाच एक शिवी दिली आणि तरातरा परत आली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "प्रभू काय बोहारीन हाय? जुनं घेईल आनि भांडं देईल?" आणि नवं घेऊन गेली. त्या नाताळला ती विरलेल्या लुगड्यात चर्चला गेली आणि झाडूवाली नव्या लुगड्यात आमच्या दारावरून मिरवत गेली. ते बघून फिलूमावशीने लवंग तोंडात टाकली. नाताळात लवंगेचं काही कारण नव्हतं.

आता वाटेल की बाई संतच होती. तसं नव्हतं. तिच्या आयुष्यात एक जागा अशी होती, की तिथे कुठलंही प्रवचन पोचत नव्हतं. ती जागा म्हणजे तिची धाकटी जाऊ, आना.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. घरं समोरासमोर, मध्ये एक अंगण, अंगणात एक विहीर. भाऊ संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसून खुशाल गप्पा मारत, पण जावा नऊ वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आना उंच, सावळी, कमी बोलणारी. पाखाडीत तिला सगळे "खारी आना" म्हणत. मी आधी समजले, तिचं माहेर खाडीकाठचं असेल म्हणून. मग एका बाईने मला गोष्ट सांगितली.

नणंदेच्या लग्नात अडीचशे माणसांसाठी डुकराच्या मटणाचं मसालेदार इंद्याल शिजत होतं. चुलीवर मोठा टोप आणि टोपाशी आना, कारण अख्ख्या गावठाणात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पंगत बसली, पहिला घास गेला आणि अडीचशे माणसं पाणी मागू लागली. सासू ओरडली, मीठ कोणी घातलं? फिलूमावशीने आनाकडे बोट दाखवलं. आनाच्या हातात डाव होताच. त्या दिवसापासून ती खारी आना झाली. नाव पडलं ते पडलंच, पण त्याहून वाईट म्हणजे नंतर कुठल्याही लग्नात बायकांनी तिला टोपाजवळ उभं राहू दिलं नाही. तिला दाराशी बसवत आणि लसूण सोलायला देत. गावठाणातला सगळ्यात चांगला हात नऊ वर्षं लसूण सोलत होता.

आणि मग मिस्सा मराठीत आली.

तोपर्यंत चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये चाले. साठचं दशक संपता संपता वरून हुकूम आला, की आता लोकांच्या भाषेत करा. पाखाडीत छापील पुस्तिका वाटल्या गेल्या. फिलूमावशीला अक्षर लावता येत नव्हतं, म्हणून पुस्तिका घेऊन ती माझ्याकडे आली. "तू मॅट्रिक. मना शिकव." झालं! एका मालवणी हिंदू बाईने ख्रिस्ताच्या प्रार्थना शिकवायच्या आणि फिलूमावशीने वाल सोलत त्या पाठ करायच्या, अशी आमची शाळा रोज दुपारी तिच्या ओट्यावर भरू लागली.

जुन्या प्रार्थना तिला लहानपणापासून येत होत्या, घरच्या बोलीतल्यासुद्धा. पण त्या ती एका दमात म्हणायची, सुरुवात केली की थेट आमेनला श्वास. शब्द कधी सुटे झालेच नव्हते. पुस्तिकेतली भाषा शाळेतल्या धड्यासारखी, त्यामुळे तिला शब्दाशब्दाला थांबावं लागे. आणि थांबलं की ती विचारायची, "म्हंजे काय?"

"अपराध म्हंजे? पोलीस पकडतात तो?"

"नाही गं मावशी, आपल्या हातून झालेली चूक."

"आनि क्षमा म्हंजे माफी. बरं. आपन दुसऱ्याला दिली तशी देव आपल्याला देनार." वालाची शेंग हातात धरून ती थांबली. "थांब थांब. दिली तशी? म्हंजे नाय दिली तर नाय?"

"तसंच लिहिलंय."

"पन्नास वर्सं मी हे बोलते?"

"रोज बोलतेस."

तिने शेंग टोपलीत टाकली आणि त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

दोन दिवसांनी आम्ही त्या जागी पोचलो, जिथे फादर सांगणार की एकमेकांना शांती द्या, आणि मग प्रत्येकाने शेजारच्याकडे वळून, हात जोडून "शांती असो" म्हणायचं. हे तर लॅटिनच्या वेळी नव्हतंच. आधी तिला शांती हा शब्दच नीट लागेना. तिच्या ओळखीची शांती एकच, गोराईहून बोंबील घेऊन येणारी कोळीण. ती एकमेकांना कशी देणार? मी समजावलं, की भांडण नाही, मनात काही नाही, असं सांगायचं.

"सगल्यांना?"

"जो शेजारी असेल त्याला. पुस्तकात 'एकमेकांना' आहे."

"पुस्तक लिवनाऱ्याला जाऊ नसंल," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. बराच वेळ वाल सोलत राहिली आणि मग मान वर न करता म्हणाली, "सुमन, मीठ मी घातलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. लग्नाच्या दिवशी आना पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात हिने टोपात मीठ घातलं आणि नवरीला नेसवायला आत गेली. आना परतली, तिला काय माहीत? तिनेही घातलं. सासू ओरडली तेव्हा "मी आधीच घातलं होतं" एवढं सांगितलं असतं तर दोघींना मिळून बोलणी बसली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते. पण सासूचा चेहरा बघितला आणि हिचं बोट वर झालं.

"चर्चमध्ये पापं सांगता ना तुम्ही? तिथे नाही सांगितलंस?"

"दर वर्सी सांगते. 'फादर, मी खोटं बोलले' असं सांगते."

"कुठलं खोटं, ते?"

"ते फादर इचारत नाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला ती बाई म्हातारी दिसली.

मला तिचा राग आला. तो मी लपवला नाही. म्हटलं, तू नवं लुगडं देऊन आलीस ना, मग एक वाक्य देता येत नाही? त्यावर मला एक शिवी मिळाली आणि शाळा आठवडाभर बंद पडली.

मराठी मिस्सेचा पहिला रविवार आला. मावशी सकाळी नटून गेली, परतली ती माझ्या पायरीवर न बसता उभीच राहिली. मी विचारलं, कशी झाली? म्हणाली, "झकास. सगले बोलत व्हते, मनापन सगलं आलं." आणि शांती? तिने इकडेतिकडे बघितलं. चर्चमध्ये डाव्या बाजूला बायका बसतात. आना नेहमी चौथ्या बाकावर, मावशी तिच्या मागे तीन ओळी सोडून. पण त्या दिवशी मावशी लवकर जाऊन थेट शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसली होती. तिच्या एका बाजूला बहिरी मार्था आजी, दुसऱ्या बाजूला खांब.

"मार्थाला दिली," मावशी म्हणाली. "ती झोपलीवती. मंग इकडं वलले, तर खांब."

"मग?"

"खांबाला दिली गो मी. हात जोडून." तिने हात जोडून दाखवले. "सगलं चर्च एकमेकांना देतंय आनि मी खांबाला सांगते, माज्या मनात काय नाय."

मला हसू आवरेना, आणि एका क्षणानंतर तिलाही. आम्ही दोघी त्या पायरीवर पोट धरून हसलो. डोळे पुसताना मला दिसलं की तिचे अजून पुसून होत नाहीत. आठवडाभर ती अंगणात फारशी दिसली नाही. शनिवारी संध्याकाळी येऊन म्हणाली, "उद्या तू येशील माज्याबरोबर? नायतर मी परत खांबाजवल बसन."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मिस्सेला गेले. मंगळसूत्र, कुंकू, पोपटी साडी. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं आणि मी मागच्या बाकाशी त्याच खांबाला टेकून उभी. मावशी आपल्या जुन्या जागी होती. पुढे तीन ओळी सोडून आनाची ताठ पाठ दिसत होती. प्रार्थना मावशी मोठ्याने म्हणत होती, माझ्यासारखे उच्चार करून, आणि मला उगाच अभिमान वाटत होता. मग फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. तरुण होते ते, नवीनच आलेले. लोक वळले, हात जोडले, पुटपुटले. दहा-बारा सेकंदांचं काम.

मावशी बाकातून बाहेर आली. मधल्या वाटेने पुढे गेली, चौथ्या बाकाशी थांबली. आनाने मान वळवली. मावशीने हात जोडले, तोंड उघडलं, आणि "शांती असो" हे दोन शब्द, जे मी तिच्याकडून पन्नास वेळा घोकून घेतले होते, ते तिला आठवलेच नाहीत.

"आना," ती म्हणाली, आणि विहिरीवरून हाक मारायचा तिचा आवाज अख्ख्या चर्चमध्ये घुमला, "लग्नात मीठ मी आदी घातलं व्हतं. मी बोलले नाय. तुजं नाव मी घालवलं."

एवढी शांतता मी कुठल्याही देवळात ऐकलेली नाही. फादरांचे हात वर तसेच राहिले होते. ते हळूच म्हणाले, "बाय, पुढे जाऊ या का?"

"थांबा फादर," मावशी वळून म्हणाली, "अजून झालं नाय."

आना बाकावरून उठली. ती मावशीपेक्षा हातभर उंच. खाली बघत म्हणाली, "मना ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"मिठाची बरनी उघडी व्हती. तुज्या लुगड्याला मीठ लागलंवतं. मी तवाच बघितलं."

"मंग बोलली का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबले."

नऊ वर्षं! फिलूमावशीच्या तोंडून तिथे, वेदीसमोर, जी शिवी निघाली ती मी लिहीत नाही. ती कुणाला होती तेही सांगता येणार नाही, बहुतेक स्वतःलाच. मग तिने आनाच्या कमरेला मिठी मारली, कारण हात तिथवरच पोचत होते, आणि आनाने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली. बायका रडू लागल्या. बहिरी मार्था आजी जागी होऊन विचारू लागली, कोण गेलं? मी खांबाला धरून रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

पुढच्या लग्नात टोपाशी आना उभी होती. फिलूमावशी दाराशी बसून लसूण सोलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच बोलावून सांगायची, "आनाला नाय, मना खारी बोला." विहिरीवर, बाजारात, चर्चच्या दारात, दिसेल त्याला तिने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की लोक कंटाळले आणि शेवटी तिचं म्हणणं मान्य करून मोकळे झाले. वर्षभरात नाव फिरलं. खारी आना गेली, खारी फिलू आली. कुणी तशी हाक मारली की ती "ओ" द्यायची.

बहात्तर साली आम्ही मुलुंडला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं. शेवटची गेले ती सत्याहत्तरच्या नाताळात, सकाळी अकराच्या सुमाराला. आनाच्या दारात एक नवी मुलगी कुलकुलांच्या गोड फराळाचं ताट घेऊन उभी होती. आनाची धाकटी सून, वसईची, लग्न होऊन महिना झालेला. मी विचारलं, "फिलोमिना मावशी आहेत का?" ती गोंधळली. हे नाव तिने ऐकलेलंच नव्हतं. मी बुटकी, गोल चेहऱ्याची असं वर्णन केलं, तर तिचा चेहरा उजळला.

"खारी आजी होय? आतमध्ये हाय ना, आमच्या सासूबाईंजवळ."

आतून आनाचा आवाज आला. एरवी कमी बोलणारी ती बाई एवढ्या जोरात ओरडू शकते हे मला ठाऊक नव्हतं. "खारी कुनाला बोलतेस गो? मोठी सासू हाय तुजी! परत बोललीस तर बघ!"

मुलगी ताट घेऊन बाजूला सरकली. मी उंबऱ्यात उभी. आत खिडकीशी दोघी एकाच बाकड्यावर बसल्या होत्या, एक उंच, एक बुटकी. फिलूमावशीने मला अजून बघितलं नव्हतं. तिने आनाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोलू दे गो आना," ती म्हणाली. "माजंच नाव हाय ते."